ड्रॅगनला दिलेली ढेप

आमू,

आपल्या खेळातली तुझी तलवारवाली सुटली! ड्रॅगनच्या गुहेतून जिती बाहेर आली, आईशप्पथ!

आज फाशांच्या खेळात आमी सगळ्यांची सोन्याची नाणी ड्रॅगनपुढं ओतली, तर ड्रॅगन झालेली रेश्मा हसायलाच लागली. म्हणाली, "सोन्यावरच तर झोपतो मी." मग मी विचारलं, गूळ चालंल का? तर म्हणे, आधी चव दाखव. म्हणून तुझ्या आईनं कडेगावहून पाठवलेली ढेप फोडली, सॉरी. पहिल्याच खड्याला तुला सोडलं! उरलेला आमी संपवला.

मी दूध आणायला चाललेय. आपल्या खोलीच्या दाराजवळ तुझी भरलेली बॅग दिसली. परीक्षेच्या निकालाचं मी काय विचारणार न्हाई.

तुला सोडायला ड्रॅगननं गूळ घेतला. थांबायला तू काय घेशील?

अंकिता