अँटेना मामांच्या हातात

त्रिशूर (केरळ),
४ फेब्रुवारी, रविवार.

ती. कोंडीबा मामा,

तुमच्या आणि मामींच्या पायांवर डोकं ठेवतो. मी इकडं खुशाल आहे. तुमचा गुडघा बरा आहे असं आईकडनं कळलं. रोज गच्चीचा जिना चढताय म्हणजे बरा असणारच.

फोनच्या जमान्यात कागद कशाला, असं म्हणाल. तर माझा नंबर तुमी ब्लॉक केलाय. मागं एकदा शेठच्या फोनवरनं लावला, तुमी "कोण?" म्हणालात, मी "मामा" म्हणालो, की तुमी ठेवलात. कारखान्याच्या गेटवर जन्म काढलेला माणूस आलेला कागद वाचल्याशिवाय परत लावत नाही, म्हणून हा कागद.

काम चालू आहे. हंबीरराव शेठ चांगला माणूस आहे, विट्याकडचा, आपल्याच बोलीत शिव्या देतो. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणि तुटके दागिने आणायचे, मुशीत वितळवायचे, ॲसिडनं त्यातलं सोनं वेगळं काढायचं, ही आमची गलाई. बोटांची कातडी पिवळी पडली आहे, पण भाकरी मिळते.

आई म्हणाली, तुमच्या सोनियाला आष्ट्याचं स्थळ आलंय. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. त्यावर मी आत्ता काही म्हणत नाही. आधी पोलिसांचं सांगतो, कारण तुमी तिथंच अडकलाय.

आटपाडीला आमच्या वस्तीवर पोलीस आला होता ना, माझी चौकशी करत. गलाईला गेलेल्या पोराच्या दारात पोलीस आला की आपल्याकडं सगळे एकच म्हणतात, सोनं घेऊन पळाला. दुपारपर्यंत बाजारात माझ्या सोन्याचं वजनसुद्धा ठरलं होतं. तुमी आईला म्हणालात, "सुले, ल्हानपणी शब्द दिलाता, खरं हाय. पर ज्याच्या दारात पोलीस येतोय त्याला मी पोरगी देणार न्हाई. आन त्यानं माझ्या पोरीला एक फोनबी करायचा न्हाई." आईनं मला ते जसंच्या तसं सांगितलं. आठवी नापास म्हणून तुमी आधीच कां कू करत होता, त्यात हे.

मामा, तो पोलीस मी चोरी केली म्हणून आला नव्हता. मी परीक्षा पास झालो म्हणून आला होता.

हसू नका, सांगतो. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुरियन म्हणून एक म्हातारा राहतो. जहाजावर वायरलेस चालवायचा. माझा स्वभाव तुमाला माहीत आहे, एका जागी बूड टेकत नाही. सुट्टीच्या दिवशी वरनं खरखर आणि परक्या माणसांचे आवाज यायचे, एकदा जाऊन त्याच्या दारात उभा राहिलो. तो म्हणाला, आत ये नाहीतर दार लाव. आत गेलो तो गेलोच. हौशी रेडिओ म्हणतात त्याला. ना कंपनी, ना रिचार्ज. आपला सेट, आपला अँटेना, आणि पलीकडं तसलाच कोणी हौशी माणूस. पण सरकारची परीक्षा लागते. वीज कशी चालते ते विचारतात आणि कायदाही विचारतात. ज्या गणिताला भिऊन मी शाळा सोडली तेच गणित कुरियनच्या खोलीत बसून सोडवलं. पास झालो. मग लायसन्स द्यायच्या आधी सरकार माणूस कसा आहे ते बघतं, घरी पोलीस पाठवतं. तो हा पोलीस. वस्तीवर त्यानं चहा घेतला, बापूंना दोन प्रश्न विचारले आणि गेला. लायसन्स हातात यायला पुढं लय महिने लागले. तोवर मी कुणाला काय सांगणार. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मेंढक्याचं पोर वायरलेसची परीक्षा देतंय, आणखी एक थाप.

आता लायसन्सची नक्कल सोबत जोडली आहे. शिक्का बघून घ्या.

लायसन्स आलं तसा मी हातात धरायचा सेट घ्यायला निघालो. मोबाईलवर बघून एक पसंतही केला होता. रंगीत पडदा, बोटांना पुरणार नाहीत एवढी बटणं, वर टॉर्च. कुरियन म्हणाला, "तुझा बाप मेंढा घेताना शिंगांचा रंग बघतो का?" म्हटलं, नाही, दात बघतो, पाठीवरनं हात फिरवतो, चालवून बघतो. "मग हाही तसाच बघ." तवा डोकं ताळ्यावर आलं. डोळे मिटून बटणं सापडली पाहिजेत. बॅटरी पुढल्या वर्षीबी बाजारात मिळाली पाहिजे. डोक्यावरची आखूड दांडी काढून दुसरा अँटेना बसवता आला पाहिजे, कारण अर्धी ताकद अँटेनात असते. आणि सेट ऐकायला चांगला पाहिजे. नुसतं बोलणारे ढीगभर मिळतात. शेवटी घेतला तो दिसायला अगदीच साधा, काळा, विटेसारखा. शेठ म्हणाला, "एवढं पैसं घालून ही वीट आणलीस व्हय रं? शेरातल्या कुणाच्या भिंतीतनं काढली?"

पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि माझ्या तोंडनं गेली ती माळावर पलीकडच्या वाड्याला देतात तशी हाळी. गावातल्या सगळ्या हौशी लोकांनी कानाला हात लावले. कुरियन म्हणाला, ओरडलास की आवाज फाटतो. तोंडापासनं वीतभर धर. बटण दाबलं की क्षणभर थांब, मग बोल, आणि झालं की सोड, नाहीतर दुसऱ्याचं ऐकू येणार कसं. आपल्या घरात हे कुणाला शिकवलेलं नाही, मामा. आपण सगळे एकदम बोलतो.

या सेटचा आवाज तसा गावापुरता. डोंगर आडवा आला की संपला. पण आभाळात ते अंतराळ स्थानक फिरतंय ना, माणसं राहतात ते, त्यात हौशी लोकांसाठी एक रेडिओ ठेवलाय. खालनं बोललेलं तो ऐकतो आणि तेच परत खाली सोडतो. स्थानक वरनं जातं तेवढी काही मिनिटं त्रिशूरचा माणूस कराडला, दिल्लीला, लंकेला बोलू शकतो. रांग मात्र लय असते. लायसन्सवर मिळालेली आपली अक्षरं आणि नाव-गाव सांगायचं, समोरच्याचा आवाज कसा आला ते सांगायचं, बाजूला व्हायचं. त्यासाठी अँटेना घरीच करतात, पाण्याच्या पाईपवर लोखंडी मोजपट्टीचे तुकडे बसवून. तो हातात धरून स्थानकाच्या मागं मागं फिरवायचा. पण हे मी तुमाला काय सांगतोय.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी मी दुकानाच्या गच्चीवर होतो आणि कानात आलं, व्हीयू थ्री, पुढची तीन अक्षरं, नाव सोनिया, गाव कराड.

मला माहीत नव्हतं, मामा. कॉलेजात तिनं ही परीक्षा दिली हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी बटण दाबलं, माझी अक्षरं सांगितली, म्हटलं नाव बीर, गाव त्रिशूर, तुमचा आवाज पाच नऊ. पाच नऊ म्हणजे एकदम स्वच्छ. मग ती म्हणाली, तुमचाही पाच नऊ. बस. तिनं मला ओळखलं का, हे मी विचारलं नाही. तसं काही विचारायची ती जागा नव्हे.

तवापासून आठवड्यातनं एखाद्या वेळी तेवढंच. नाव-गाव पहिल्यांदाच सांगून झालेलं, म्हणून मी नुसती अक्षरं सांगतो. तुमी फोनला बंदी घातली, ती मी मोडलेली नाही. आणि चोरून तर काहीच नाही. या रेडिओवर गुप्त बोलणं कायद्यानंच मना आहे. आमी जे बोललो ते हैदराबादच्या एका रिटायर मास्तरांनी, लंकेतल्या एका डॉक्टरनं, दिल्लीकडच्या कॉलेजच्या पोरांनी, सगळ्यांनी ऐकलंय. निरोप घेताना रेडिओवाले त्र्याहत्तर म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. अठ्ठ्याऐंशी म्हणूनही एक असतं. त्याचा अर्थ मी तुमाला लिहिणार नाही, पण ते आमच्या दोघांत एकदाही झालेलं नाही.

मग दिवाळी झाल्यावर आई तुमच्याकडं राहून आली आणि मला फोनवर म्हणाली, "बिऱ्या, तुझ्या मामाचं कायतरी बिनसलंय रं. पोरगी गच्चीवर कुणासंगं बोलती म्हणून राखण करायला गेला, आन आता सवताच त्यो मोजपट्टीचा झाडू धरून आभाळात मेंढरू हुडकल्यागत फिरवतोय. ती म्हणती, दादा, तुमी धरलासा की आवाज तुटत न्हाई. त्यो म्हणतोय, गप, ऐकू दे, नोव्हेंबर आला बघ."

तोवर मला वाटत होतं, सोनियानं नवा सेट घेतला. आधी तिचा आवाज मधेच बुडायचा, दिवाळीपासनं एकसारखा यायला लागला होता. आणि माझ्या लायसन्सवरचं शेवटचं अक्षर रेडिओवर 'नोव्हेंबर' असं उच्चारतात.

त्यावरही मी गप्प बसलो असतो. पण गेल्या रविवारी तिचं बोट बटणावर असताना मागनं तुमी बोललात. "कोण हाय गं ह्यो? लय स्वच्छ बोलतोय. चांगल्या घरचा दिसतोय." दिल्लीपासून लंकेपर्यंत गेलं ते. ती हसली आणि बटण सुटलं.

मामा, तो मी.

तुमी दोन वर्षांनी माझ्याविषयी चांगलं बोललात आणि कुणाविषयी बोलताय हे तुमाला ठाऊक नव्हतं. आता तुमाला न सांगता तुमच्याच हातातनं तिचा आवाज घेत राहणं मला जमणार नाही.

आष्ट्याचं स्थळ चांगलंच असेल. लहानपणीच्या शब्दावर मी हक्क सांगत नाही. तो शब्द तुमी दिलेला, तिनं नाही. माझं मागणं एवढंच, की आष्टेकरांना हो म्हणायच्या आधी तिला विचारा, बिरदेव चालेल का. ती नको म्हणाली तर मी त्या वेळेला गच्चीवर जायचं सोडीन.

अठरा तारखेच्या रविवारी दिवेलागणीला स्थानक आपल्या दोन्ही गावांवरनं जातं. उत्तर लिहायचा त्रास घेऊ नका. तुमी अँटेना धरलात तर मला कळेल. नाही धरलात तरी कळेल.

तुमच्या सुलीचा,
बिरदेव


त्रिशूर,
१९ फेब्रुवारी, सोमवार.

ती. मामा,

पायांवर डोकं ठेवतो, आणि या खेपेला जरा जास्त वेळ ठेवतो.

काल इकडं काय झालं ते लिहितो, कारण तुमाला फक्त तुमच्या गच्चीवरचं माहीत आहे. सकाळपासनं माझ्या हातनं काही नीट होईना. शेठनं मला मुशीपासनं लांब बसवलं. म्हणाला, "आज तू माझं सोनं सांडशील." आणि संध्याकाळी तोच माझ्या आधी गच्चीवर. कुरियन खुर्ची घेऊन आला. मी कुणाला बोलावलं नव्हतं.

स्थानक वायव्येकडनं वर आलं. म्हणजे कराडला ते आमच्या आधी दिसणार. दिल्लीची पोरं बोलली. मी माझी अक्षरं सांगितली, हैदराबादच्या मास्तरांनी उत्तर दिलं. परत सांगितली, लंकेच्या डॉक्टरनं दिलं. कराड नाही. स्थानक डोक्यावर आलं, कलायला लागलं. शेठ हळूच म्हणाला, "गड्या, खाली कर आता त्यो झाडू." मी केला नाही.

मग खरखरीतनं सोनियाचा आवाज आला, तुटका, अर्धी अक्षरं गेलेली. अँटेना तिनं एकटीनं धरलाय हे मला कळलं. एका हातात सेट, एका हातात अँटेना, कुठं लक्ष देणार. मी ओठांतल्या ओठांत तिला म्हणत होतो, असू दे, असू दे.

आणि तो आवाज एकदम वर आला. कुणीतरी तिच्या हातातनं अँटेना घेऊन, मनगट वळवून, नेमका लावावा तसा. व्हीयू थ्री, सोनिया, कराड. तुमचा आवाज पाच नऊ. तिनं बटण सोडलं नाही. मग तुमी. मागनं नव्हे, तोंड सेटला लावून.

"पाच नऊ हाय म्हणावं. पर नुसतं आभाळातनं बोलून पोरगी मिळत न्हाई. आईबापाला घिऊन दारातनं ये म्हणावं. आष्टेकरास्नी न्हाई म्हणून कळवलंय. हिला इचारलंय मी."

लायसन्स नसताना असं बोलायचं नसतं, मामा. पण तुमाला ते सांगायची त्या घडीला अख्ख्या देशात कुणाची छाती झाली नाही.

एरवी त्या मिनिटांत एकमेकांच्या अंगावर पडणारी माणसं, पण एकानंही मधे बटण दाबलं नाही. आणि हैदराबादचे मास्तर, ते मूळचे नांदेडचे हे मला कालच समजलं, शुद्ध मराठीत म्हणाले, "कराड, आम्ही सगळं ऐकलं आहे. त्रिशूर, उत्तर द्या. स्थानक चाललं."

कुरियननं पाठीत एक गुद्दा घातला तवा बटण दाबलं आणि एकच शब्द बोललो. पण स्थानक तोवर समुद्राकडं उतरलं होतं. आमच्याकडं जरा शिल्लक असेल, तुमच्या बाजूनं ते आधीच बुडालेलं. लंकेच्या डॉक्टरला ऐकू गेलं, त्यानं अभिनंदन केलं. तुमाला गेलं नसणार.

पुढचं फार लिहीत नाही. मी शेठला उचलून गच्चीभर फिरवला. तो ओरडत होता, "सोड रं बैला, कंबर मोडशील." खाली उतरल्यावर त्यानंच माझी सुट्टी ठरवली. कुरियन खुर्चीतनं उठलाच नाही, म्हणाला, मला अजून थोडा वेळ आभाळ बघू दे.

गुरुवारी गाडीत बसतो. मिरजेला उतरून आटपाडी. बापू कळप माळावर कुणाच्या तरी हवाली करतील, आई तर पिशवी भरून बसली असेल. मग तिघं कराडला. सोनियाला काय म्हणायचं ते मी तुमच्या दारात उभं राहून, तुमच्या देखत म्हणीन. तोवर तिला काही सांगू नका.

आणि काल जो शब्द तुमच्यापर्यंत पोचला नाही, तो एवढाच होता.

येतो.

तुमी बोलावलेला,
बिरदेव