स्विंग जमतोय, बॉल हलत नाही

सोमवार, ४ मार्च
नवीन शाखेचा हेड कोण होणार, तर मी. अजून डिक्लेअर झालेलं नाही, पण झाल्यासारखंच आहे. कंपनीच्या फॉर्ममध्ये हॉबी विचारली होती. मी लिहिलं, गोल्फ. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, खेळता? म्हटलं, अर्थात. म्हणाले, मग तीस तारखेला क्लबवर या, शाखा कोणाकडे द्यायची ते तिथेच ठरवू. समोरच्या टेबलावरचीलाही बोलावलंय. तिने हॉबी 'वाचन' लिहिली होती. बिचारी.
मी आजपर्यंत गोल्फ खेळलेलो नाही, एवढा एक छोटासा इश्यू आहे. पण सव्वीस दिवस आहेत. आणि क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो, तरी लोक मारतात. इथे तर तो गप जागेवर बसलेला असतो.

बुधवार, ६ मार्च, सकाळी ६.४०
कोच लावला. शाळेत पीटीचे सर होते, आता रिटायर होऊन गोल्फ शिकवतात. म्हणाले, आधी चार गोष्टी पक्क्या कर. ग्रिप, स्टान्स, मान स्थिर, आणि सगळं हळू. बॉल पंधरा दिवसांनी. ग्रिप म्हणजे ओल्या साबणाची वडी धरतो तशी, आवळली की सटकते. तासभर नुसती काठी धरून उभा होतो.
ॲव्हरेज लोकांना हे ठीक आहे. मी सांगितलं, सर, मी फास्ट लर्नर आहे, सगळ्यात लांब काठीपासून डायरेक्ट सुरू करू. शिवाय मी चार व्हिडिओ बघितलेत आणि त्यांच्या हिशोबाने तुमची ग्रिप चुकतेय. कोच म्हणाले, तू दीडशहाणा आहेस.
मराठी मला थर्ड लँग्वेज होतं, पण एवढं कळतं. एक अख्खा शहाणा, वर अर्धा. दीडशे टक्के. तेही पहिल्याच दिवशी.

शनिवार, ९ मार्च
घरी हॉलमध्ये प्रॅक्टिस. घर आत्याचं, मी तिच्याकडे राहतो. ती भाजी आणायला गेली होती. बॅकस्विंग परफेक्ट. परत येताना मध्ये टेबललॅम्प आला. त्याची जागाच चुकीची आहे, हे मी पूर्वीही बोललो होतो. आत्या आली, काचा बघितल्या आणि म्हणाली, "लावलेस दिवे."
लावले कुठे, होता तो फोडला. पण ओरडली नाही. घरातून असा सपोर्ट लागतो.

बुधवार, १३ मार्च
कमरेत उसण भरली. कोच म्हणाले कंबर वळव. वळवली. ती तिथेच राहिली. ऑफिसमध्ये तिरका चालतोय. शिपायाने विचारलं, बाथरूममध्ये पडलात का? म्हटलं, स्पोर्ट्स इंज्युरी.
समोरच्या टेबलावरची विचारत होती, मला थोडं शिकवशील का, तिथे ठोंब्यासारखी उभी राहीन रे. म्हटलं, असं चार दिवसांत येत नाही गं, फंडामेंटल्स लागतात.

गुरुवार, १४ मार्च
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाचला शंभर स्विंग.

शुक्रवार, १५ मार्च, सकाळी ८.५०
उद्यापासून.

बुधवार, २० मार्च
आज पहिल्यांदा बॉल ठेवला. बारा स्विंग मारले, बॉल बाराही वेळा जागचा हलला नाही. एका अँगलने ही कन्सिस्टन्सीच आहे. तेराव्याला कोचची टोपी उडाली. कोच खुर्चीत बसले आणि म्हणाले, बाबा रे, तुझ्यापुढे मी हात टेकले.
एवढा सीनियर माणूस, आणि स्टुडंटपुढे हात टेकतो. फार ऑकवर्ड झालं. म्हटलं, सर, असं नका करू, शेवटी गुरू तुम्हीच. त्यांनी डोळे मिटून घेतले. इमोशनल झाले असावेत.

शुक्रवार, २९ मार्च
पांढरी पँट, कॉलरचा टीशर्ट, डाव्या हातात नवा ग्लोव्ह. आरशासमोर बॉलशिवाय स्विंग केला. बॉल नसला की माझा स्विंग इंटरनॅशनल आहे. आत्या म्हणाली, बँडवाल्यांत शोभशील. म्हणजे लूक स्मार्ट आहे.
नवीन केबिनमध्ये सोफा कुठे ठेवायचा त्याचं ड्रॉइंग काढून ठेवलं. आभाराचं भाषण पाठ. दोनच पानं.

शनिवार, ३० मार्च, संध्याकाळी
वारं होतं. गवत ओलं होतं. ग्लोव्ह नवा होता. हे आधी लिहून ठेवतो.
पहिल्या स्विंगनंतर मोठे साहेब म्हणाले, प्रॅक्टिस स्विंग चांगला आहे. थँक्यू म्हटलं. तो प्रॅक्टिस नव्हता. दुसऱ्यालाही बॉल तिथेच. तिसऱ्याला मूठ आवळून जीव खाऊन मारला. काठी हातातून सुटली आणि तळ्यात गेली. बॉल तिथेच. काठी साहेबांची होती.
मग समोरच्या टेबलावरची पुढे झाली आणि सरळ म्हणाली, "सर, मला यातलं काही येत नाही. शिकवाल का?"
मनात म्हटलं, गेली हिची शाखा.
साहेबांनी तिला दोन तास शिकवलं. ग्रिप, स्टान्स, मान स्थिर, हळू. शेवटी तिचा बॉल पन्नास पावलं गेला आणि साहेबांनीच टाळ्या वाजवल्या. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.
"नव्या शाखेत पहिले सहा महिने कोणालाच काही येणार नाही," ते म्हणाले. "तसं तोंडावर सांगणारं माणूस मला हवंय. येत नाही म्हणाला असतात, तर तुम्हालाही शिकवलं असतं."
या वाक्याचा वेगळा काही अर्थ निघतो का, ते घरी येईपर्यंत बघत होतो. निघाला नाही.

बुधवार, ३ एप्रिल
शाखा तिला मिळाली. दुपारी टेबल आवरत होती. फुटपट्टी हातात घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, तू तर महिनाभर शिकलायस, ती ग्रिप एकदा दाखव ना, मी विसरले.
येत नाही, म्हणणार होतो. तोंडातून निघालं, हात दुखतोय.
"बरं, मग मी धरते. चुकतंय का सांग," म्हणाली, आणि फुटपट्टी धरून उभी राहिली.
खाली वाकून, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ बघितलं. बरोबर आहे की चूक, मला कळेना.
म्हटलं, थोडी प्रॅक्टिस लागेल.