डाव्या मुठीतल्या अक्षता

कल्याण, आषाढ वद्य ११, शके १८०५

तीर्थस्वरूप सौ. कमळाताईस,

धाकट्या रंगूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. येथील क्षेम जाणून तिकडचे लिहीत जाणे. दोन महिने तुझी चिठी नाही. ठाण्याहून कल्याणास गाडी रोज येते, तीत टपाल चढत नाही की काय?

काम पडले म्हणून लिहिते. माझे दीर, परशुरामभावोजी, मुंबईहून कहाण्यांचे छापील पुस्तक घेऊन आले आहेत. यंदा श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी तेच वाचणार. तुला ठाऊकच आहे, पूजा सवाष्णींची, तिला मी हात लावायचा नाही. पण कहाणी दुसऱ्या कुणाला तोंडपाठ नाही, म्हणून अठरा वर्षे मी ती माजघराच्या दाराआडून सांगत आले. आळीतल्या बायका मुठीत अक्षता धरून ऐकतात, कहाणी संपली की देवीला वाहतात. एरवी या घरात माझ्याशी बोलायचे म्हणजे पाणी तापले का नि डाळ निवडली का, एवढेच. ते चार शुक्रवार तेवढे वीस बायका गप्प बसून माझे ऐकतात. तेही गेले तर मी कुणाशी बोलू?

भावोजी म्हणतात, माझी कहाणी चुकीची. पुस्तकात शेवटी राजा नावडत्या राणीला पालखीतून वाड्यावर नेतो. माझी नावडती पालखी परत पाठवते. म्हणते, गोठ्याशेजारची ही झोपडी मी सारवली, ही विहीर मी उपसली, मी इथेच राहीन. मग देवी तिच्या विहिरीला गोड पाणी देते आणि सारा गाव तिच्या दारी येतो. मी सांगितले की आमच्या खडवलीला पिढ्यान्‌पिढ्या अशीच सांगतात. त्यावर ते म्हणाले, तसे थोरल्या बहिणीकडून लिहून आणा, पुस्तक मिटून ठेवतो. तेव्हा ताई, दोन ओळी लिही. आई गेली, आता साक्षीला तूच.

मुलांना आशीर्वाद. मला विसरू नये, एवढे मागणे.
तुझी रंगू

ठाणे, श्रावण शुद्ध ३

चि. गं. भा. रंगूस अनेक आशीर्वाद. वि. वि. टपालाचा टोमणा पोचला. दोन्ही पोरांना गोवर निघाला होता, आता बरी आहेत.

तुझे पत्र चार वेळा वाचले. दोन ओळी खरडून मोकळी होणार होते, पण तुझ्याशी लबाडी करवेना. रंगू, लग्न होईपर्यंत दर श्रावणात मी आईची कहाणी ऐकली. तिच्यात नावडती पालखीत बसते, पुस्तकात आहे तशीच. तुझा सारा जीव नैवेद्याच्या पुरणात! कहाणी अर्धी झाली की चुलीपाशी पळायचीस. शेवट तू कधी ऐकलाच नाहीस.

अकराव्या वर्षी कपाळ पुसून तू खडवलीला परत आलीस, तेव्हा मी सासरी होते. तुला पुन्हा सासरी नेईतोवरच्या त्या दोन वर्षांत आईने तुला सांगितली ती कहाणी मला ठाऊक नाही. तुला न्यायला कुठलीच पालखी येणार नाही हे तिला कळत होते, म्हणून तिने शेवट बदलला असावा. किती देवभोळी बाई ती! कहाणीतला एक शब्द चुकला तर उपास धरणारी. तुझ्यासाठी तिने एवढे केले. खरे सांगते, मला तुझा हेवा वाटला.

सोबत वेगळी चिठी आहे. आमच्या आईची कहाणी अशीच, एवढेच तीत लिहिले आहे. ते खोटे नाही. दाखवायची की नाही, तू ठरव.

माझ्यावर रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी कमळाताई

कल्याण, श्रावण शुद्ध ८

तीर्थस्वरूप सौ. कमळाताईस साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझे पत्र वाचून जात्यापाशी बसून खूप रडले. इतकी वर्षे मी गावाची म्हणून सांगत होते, ती माझी एकटीची निघाली.

चिठी दाखवली नाही. दाखवली असती तर कहाणी खडवलीच्या नावावर खपून गेली असती, आणि आईने केले ते कुणाला कळलेच नसते. मी दाराआडून भावोजींना सांगितले की ही जुनी नाही, माझ्या आईने माझ्यासाठी रचली, आणि सांगेन तर हीच सांगेन. ते म्हणाले, मग वादच मिटला.

काल पहिला शुक्रवार. भावोजी रेल्वेच्या माल-कचेरीत कारकून आहेत, कहाणीही पोत्यांची यादी वाचावी तशी वाचली. बायकांनी अक्षता वाहिल्या. मी आत एकटी होते. ऐकणारे कुणी नसता कहाणी सांगू नये, हा आईचा दंडक. म्हणून चिमूटभर अक्षता माझ्याच डाव्या मुठीत घेतल्या आणि त्या मुठीला हळू आवाजात सांगू लागले. वेड लागले म्हण हवे तर.

पालखी दारात आली, इतक्यात जाऊ आत आली. विमल गं, भावोजींची बायको. ताटे वाढायची सोडून आली होती. मी मूठ पदराआड केली, म्हटले आता हसेल. ती समोर बसली. सोवळ्यात असूनही माझा हात धरला, एकेक बोट उलगडून अक्षता काढून घेतल्या आणि आपल्या मुठीत धरल्या. मग विचारले, पालखीवाल्यांना ती काय म्हणाली?

ताई, इतक्या वर्षांत मला कुणी आपणहून शिवले नव्हते. मग कहाणी तिला शेवटपर्यंत सांगितली.

आईची आठवण येते, तशीच तुझीही. पत्र लवकर धाड.
तुझी रंगू