गोलकीपरचा शेवट

१२ ऑगस्ट, मंगळवार
दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. मी वर्गात होते, बाहेर येऊन घेतला. कथा घेतोय म्हणाले! किती ठिकाणी पाठवून झाली होती ती. हल्ली नकारसुद्धा कुणी कळवत नाही, नुसतं गप्प बसतात.
मग हळूच पुढचं. "शेवट तेवढा मिळमिळीत आहे. गोलकीपर दुकान बंद करतो आणि घरी जातो, एवढंच? मारून टाका ना त्याला." महिनाअखेरपर्यंत पाठवा म्हणाले. मी लगेच हो म्हणून मोकळी. विचार वगैरे काही नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार
आईने पेढे आणले. "कशावर हाय गं गोष्ट?" म्हटलं, एका माणसावर. "कुठल्या?" असाच एक. तिने वरच्या खोलीकडं बघितलं आणि पेढ्याचा बॉक्स बंद केला.
वरच्या खोलीत काका. बाबांचे थोरले भाऊ, बिनलग्नाचे. फुटबॉलच्या फायनलला शेवटच्या मिनिटाला त्यांच्या दोन पायांमधून चेंडू आत गेला, तालमीचा संघ हरला, आणि शिवाजी पेठेनं त्यांचं नाव 'कमान' ठेवलं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. तरी शाळेत मी 'कमानीची पुतणी'च होते. कथेत मी नाव बदललंय, पेठ बदललीये, मिक्सर-कुकर दुरुस्तीऐवजी घड्याळांचं दुकान दिलंय. पेठेत कोण फसणार आहे?

१६ ऑगस्ट, शनि.
मारायचा कसा? दोर, नदी वगैरे काही नको. संपादकांना बहुतेक तेच आवडेल.
काका अजून प्रत्येक मॅच बघतात. मोबाइलवर, आवाज बंद करून. स्टेडियमची पायरी त्या दिवसानंतर चढलेले नाहीत. हे घ्यावं का?
घ्यावं का म्हणे. घेतलंच की.

१९ ऑगस्ट, मंगळ.
कॉलेजला दांडी. (तासिका तत्त्वावरच्या बाईला कोण विचारतं.) एका बैठकीत लिहून झालं. तो दुकानात खुर्चीतच जातो, हातात मोबाइल, मॅच चालू. मयताला भाऊ आणि दोन शेजारी, बाकी कुणी नाही.
चांगलं झालंय. आजवर लिहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं पान, आणि त्याचीच मला भीती वाटते. खाली गेले तर काका जेवत होते. "मीठ आन गं जरा, आमटी अळणी हाय." मिठाची अख्खी बरणीच त्यांच्यापुढं ठेवली आणि वर पळाले. काय नाटकी बाई आहे मी!

२२ ऑगस्ट, शुक्र.
संपादकांचा मेसेज: "झालं का?" पुढे हसरा चेहरा. उत्तर दिलं नाही.
लेखकानं निष्ठुर असावं म्हणतात. म्हणणाऱ्यांचे काका वरच्या खोलीत राहत नसावेत. पण छापून नाही आलं तर मी कोण? वर्षानुवर्षं घरात 'ती लिहिते हं' एवढ्यावरच चाललंय. मला हा अंक हवाय. फार हवाय.

२४ ऑगस्ट, रवि.
आईने काकांना सांगून टाकलं. दुकानात चहा द्यायला गेले तर म्हणाले, "आमच्यावर लिवलंयस म्हनं. वाच बघू."
मोबाइलवरूनच वाचली. ते कुकरची रिंग हातात फिरवत ऐकत होते. शेवटाशी मी थांबले.
"पुढं?"
पुढं तो मरतो, म्हटलं.
"मग वाच की."
वाचलं. त्यांनी रिंग उलटी करून बघितली. मग, "तालमीची पोरं आलती काय मयताला?"
नाही.
"कोनबी न्हाय?"
"कथेला तसंच लागतंय, काका."
"बराबर हाय." रिंग खाली ठेवली. मग एकदम हळू आवाजात, "घाल की दोन-चार. तुझ्याच हातात हाय न्हवं."
मला रडू आवरेना. भर पेठेत, दुकान उघडं. त्यांनी समोरचा मिक्सर चालू केला आणि रस्त्याकडं बघत बसले.

२८ ऑगस्ट, गुरु.
काल गणपती बसले. काका तालमीच्या मांडवासमोरून गेले नाहीत, दरवर्षीसारखे मागच्या बोळातून. मी त्यांच्याबरोबर तिकडूनच गेले.

३१ ऑगस्ट, रवि.
आज पाठवायचीच.
सकाळी दोन-चार माणसं घातली मयताला. मग ती थांबेनात. तालमीचे वस्ताद आले, सगळी जुनी टीम आली. ज्यानं गोल मारला तो दुसऱ्या पेठेचा फॉरवर्ड आला, त्यानं खांदा दिला. संपादक म्हणतील भाबडं आहे. आहेच. तो एकटाच मरतो तो शेवट यापेक्षा सरस आहे हे मला कळतं. तो पाठवला तर कथा नक्की छापतील. मूळचा, नुसता घरी जाणारा, तोही तसाच पडून आहे. तिन्ही फाइली समोर उघड्या, आणि माझं डोकं चालत नाही.
काका दारात येऊन उभे राहिले. "आली काय गं मानसं?"
"आली."
"कोन कोन?"
बसा म्हटलं. पलंगाच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांवर. मी एकेकाचं नाव वाचायला लागले. त्या फॉरवर्डचं नाव आलं तेवढ्यात फोन वाजला. संपादक.
"वाजू दे," काका म्हणाले. "आनि कोन आलतं?"