भुशाची मशीन

बाबा, एक विचारायचंय म्हणून तुम्हालाच लिहितेय. आपल्या राइस मिलचा भुसा आठवतो ना? तुम्ही वीटभट्टीवाल्यांना फुकट द्यायचे, वर 'घेऊन जा रे बाबा एकदाचा' म्हणून हात जोडायचे. त्या भुशाला आता भाव आलाय. मशीनमध्ये दाबून त्याच्या कांड्या करतात आणि वीज केंद्रात कोळशासोबत जाळतात. आपल्या बाजूला अजून कोणी ही मशीन बसवलेली नाही. बसवायची तर धान भरडायच्या दोन लाइनींपैकी एक उखडावी लागते. कांड्यांना गिऱ्हाईक टिकलं नाही, तर ती लाइन काही पुन्हा उभी होत नाही, आणि तिच्यावरची माणसं कुठे जातील? आपला म्हातारा मिस्त्री तर तोंडावरच बोलला, "बाई, दुसऱ्याले टाकू द्या ना आधी. तुमी कायले घाई करून राहिल्या?"

अगदी तुमचंच बोलणं! तांदळातला काळा दाणा वेचून काढणारी मशीन नवी आली, तेव्हा मी कॉलेजातून आल्या आल्या म्हटलं, घेऊन टाका. तुम्ही खेकसले, "दुसऱ्याच्या शेडमधे चालू दे आधी. शिकली म्हनून लय शहानी झाली काय?" मग तुम्ही रोज त्या शेजारच्या मिलमध्ये जाऊन बसायचे, चहा प्यायचे, पडत्या तांदळाखाली ओंजळ धरून बघायचे. आपली मशीन आली तोवर उशीर झाला होता. आपला नेहमीचा रायपूरकडचा व्यापारी त्या दिवाळीला येतो, आईच्या हातचा चिवडा खातो आणि सांगतो, "सेठजी, अब तो हमारा माल बाजूवाली मिल से उठता है." तो गेल्यावर तुम्ही नवी मशीन रिकामीच चालू करून तिच्याजवळ उभे आहात. मला हाक मारायची हिंमत होत नाही.

पण कोंड्यापासून तेल काढायचं खूळ आलं तेव्हा तुम्ही थांबले म्हणूनच आपण वाचलो, हेही खरं. ज्यानं सगळ्यांच्या आधी उडी घेतली, त्याचं तेलाचं युनिट आपल्या इकडच्या गोरेगावच्या रस्त्याला गंजत पडलंय. मग मी कोणते बाबा धरू, सांगा ना!

बाबा, विचारते आहे असं दाखवतेय, पण दुपारीच मी मिस्त्रीला एक लाइन उखडायला सांगून बसलेय. तुम्ही असते तर माझी छाती झाली नसती. तुम्ही नाही, याचं आज पहिल्यांदा मला बरं वाटलं.