पुसलेली पाण्याची रेघ

प्रिय चिमण्या,

साहेब म्हणायला हवं, पण या घरात तू चिमण्याच. आई बरी आहे. विहीर अजून खारट, त्यामुळे चहाही खारट लागतो. तू आलास त्या दिवशी गोडं पाणी लांबून आणलं होतं, म्हणून तुला कळलं नाही.

समुद्राने केलेलं नुकसान पाहायला तुमच्या भरपाई निधीची माणसं येणार आणि त्यांच्यात तू असणार, हे ऐकून आईला झोप लागेना. ओळख दाखवू नका, म्हणजे मदत लवकर मिळेल, असा तुझा निरोप होता. सगळ्या गावाने तोंडाला कुलूप लावलं. तू दारात उभा राहून आपल्याच आईला 'आजीबाई' म्हणालास आणि तिनेही परक्याला द्यावा तसा तुला चहा दिला. पाहुण्यांसमोर घर वाईट दिसू नये म्हणून भिंतीवरची छातीएवढ्या पाण्याची रेघ तिने चुन्याने झाकली होती. कप उसने, तुझ्या खालची खुर्ची शाळेतली. घरोघरी तेच. हे तुझ्या साहेबांना कळणार नाही, कबूल. पण तू? त्याच भिंतीला उभा करून तुझी उंची मोजायचो रे आम्ही.

तरी तू अहवालात लिहिलंस, गाव सावरलं आहे, मदतीची गरज नाही. धूर सोडला या निधीवाल्या श्रीमंत देशांच्या कारखान्यांनी, समुद्र शिरला आमच्या घरात, आणि पुरावे मागायचे आमच्याकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांच्यावरचा राग जुना आहे, तुझ्यावरचा ताजा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि दांडा आपल्याच अंगणातला. बढती मिळाली म्हणे तुला. अभिनंदन.

आता पत्राचं कारण. त्या अहवालाविरुद्ध गावाने केलेल्या अपिलाची सुनावणी पुढच्या महिन्यात तुमच्याच सभागृहात आहे. नातं लपवून केलेली तपासणी रद्द होते आणि करणाऱ्याची नोकरी जाते, हा तुमचाच नियम, वकीलबाईंनी दाखवला. तपासणी पुन्हा होईल आणि या खेपेला कोणी चुना लावणार नाही. पाठीमागून वार करणं मला जमत नाही, म्हणून आधी कळवते आहे. मी तिथे एक शब्द बोलणार नाही. आई येते आहे. तो अहवाल साहेबांनी लिहिला असंच ती समजते, आणि आपण लेकाला भेटायला चाललोय या आनंदात नवं लुगडं काढून बसली आहे. मी तिला काही समजावलेलं नाही. तू समोर दिसलास की आता ओळख दाखवायची, एवढंच सांगितलंय.

तुझीच, आणि आता हे लपवायचं कारण नाही,
ताई