त्याने हात जोडले नाहीत

झरी, रविवार, १४ मे २०१७

युरोपातल्या माझ्या लाडक्या क्लबने त्या नायजेरियन स्ट्रायकरला मोठं केलं. तो दुसरीकडे गेला, तेही मी गिळलं. पण आज टीव्हीवर आमच्यावरच गोल मारून नाचला! जुन्या टीमवर गोल मारला की खेळाडू हात जोडतात. निदान हात तरी जोडायचेस ना रे? जीपच्या मागच्या काचेवरचं त्याचं नाव उद्या खरवडून काढतो.

बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "गेल्या वर्षी बक्षिसाच्या बोकडासाठी तुम्ही कासा गावाच्या टीमकडून खेळलात. आपल्या झरीवर गोल मारून नाचलात. गोलमध्ये माझा भाऊ उभा होता."

तेव्हापासून मेहुणा घरी आलेला नाही. मी समजत होतो, कामात असेल.